स्की न करणाऱ्यांचा हिवाळा

थंड हवेचे ठिकाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वैशाखाचे दिवस उभे राहतात. बडोद्याची मंडळी अबूला जातात, इंदूर-ग्वाल्हेरची पंचमढीला किंवा मसुरीला, बेळगाव-गोव्याकडची महाबळेश्वराला आणि हैदराबादची उटीला. उन्हाने जीव नकोसा झाला म्हणजे वर चढावयाचे आणि मृगाचे ढग दिसू लागले म्हणजे खाली उतरावयाचे, असा हा जुना परिपाठ आहे. ऐन थंडीत, पौष-माघात, आणखी थंडी शोधीत डोंगरावर जावे ही कल्पना आपल्या वडिलांना विक्षिप्तपणाचीच वाटली असती. परंतु अलीकडे नाताळच्या सुटीत दिल्लीहून हिमाचलाकडे जाणाऱ्या गाड्यांत मराठी बोलणे कानी पडणार नाही असे क्वचितच घडते. बर्फ पाहावयाचे, एवढ्या एकाच ओढीने ही कुटुंबे निघालेली असतात.

या ओढीबरोबर एक शंकाही निघते. प्रवासी कंपनीच्या जाहिरातीत चित्र असते ते पायांना दोन लांब फळ्या बांधून पांढऱ्या उतारावरून वाऱ्यासारखा घसरत येणाऱ्या तरुणाचे. ते पाहून साठी उलटलेले गृहस्थ म्हणतात, ‘हे काही आपले काम नव्हे.’ गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी म्हणतात, ‘मग मी तिथे येऊन करू काय? खोलीत बसायचे तर घर काय वाईट आहे?’ आणि त्यांना घरी ठेवून बाकीची मंडळी जातात. या शंकेला सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून आजचे हे भाषण आहे.

प्रथम त्या स्कीविषयी दोन शब्द. आपल्या देशात काश्मिरात गुलमर्ग, उत्तराखंडात औली आणि हिमाचलात सोलंग व नारकंडा ही या खेळाची परिचित ठिकाणे आहेत. खेळ सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु तो शिकावा लागतो, त्याला शरीर हवे, सामान हवे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे उतारावर पुरेसे जाड हिम हवे. ते पडले नाही तर स्की करणारा खिडकीशी बसून आभाळाकडे पाहत राहतो. त्याची सगळी सुटी आभाळाच्या मर्जीवर टांगलेली असते. स्की न करणाऱ्याचे तसे नाही. हिम पडले तर त्याचा लाभच आहे. न पडले तरी डोंगर तेथेच आहे, ऊन आहे, देवदार आहेत, माणसे आहेत. म्हणून, ज्याला स्की येत नाही त्याच्याकडे काही उणे आहे असे न मानता, त्याला अधिक मोकळीक आहे असे मी मानतो.

उदाहरणादाखल मी शिमला आणि त्यापलीकडील कुलूचे खोरे एवढाच प्रदेश घेतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ येथे हिमाचा. हे हिम घेऊन येणारी वादळे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानावरून येतात. माळव्यातील श्रोत्यांना ती अपरिचित नाहीत. पौषात गव्हावर जो अवचित पाऊस पडतो व ज्याला तिकडे मावठा म्हणतात, तो बहुधा याच वादळांच्या शेपटाचा असतो. इंदुरास मावठा पडला की शिमल्यास हिम पडले असेल, असा अंदाज पुष्कळदा खरा ठरतो. आपल्या भाषेत मात्र एक अडचण आहे. आपण ‘बर्फ’ हा एकच शब्द उसाच्या रसात टाकावयाच्या कठीण खड्याला वापरतो आणि आकाशातून कापसासारख्या उतरणाऱ्या मऊ पदार्थालाही वापरतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावरून पाय घसरतो, दुसऱ्यात तो रुततो. हा भेद ध्यानात ठेवला तर पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या होतील.

या सुटीतील पहिला आनंद मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच सुरू होतो, तो म्हणजे कालका ते शिमला हा आगगाडीचा प्रवास. मोटारीने हा टप्पा लवकर उरकतो. गाडीला सुमारे पाच तास लागतात. परंतु घाई नसेल तर गाडीच घ्यावी. ९ नोव्हेंबर १९०३ रोजी हा मार्ग वाहतुकीला खुला झाला. लांबी सुमारे ९६ किलोमीटर, बोगदे शंभराहून अधिक, आणि पूल आठशेंच्या वर. समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरांवरील कालक्याहून निघालेली ही गाडी २०७६ मीटरांवरील शिमला स्थानकापर्यंत चढते. सर्वांत लांब बोगदा बरोगचा, ११४३ मीटरांचा. दऱ्या ओलांडण्यासाठी एकावर एक कमानींचे मजले रचून बांधलेले दगडी पूल खिडकीतून वळणावर दिसतात, तेव्हा लहान मुलांइतकेच आजोबाही खिडकीला नाक लावतात. २००८ साली ‘युनेस्को’ने हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

बडोद्याच्या श्रोत्यांना येथे एक ओळखीची खूण सापडेल. या गाडीच्या रुळांतील अंतर अडीच फुटांचे आहे. डभोईच्या परिसरात गायकवाड सरकारने घातलेल्या रुळांचे मापही तेच. ग्वाल्हेरची शिंदेशाही गाडी त्याहूनही अरुंद, दोन फुटांच्या रुळांवरून धावे व ती २०२० साली थांबली. शिमल्याचा मार्गही मुळात दोन फुटांचाच व्हावयाचा होता, परंतु लष्करी खात्याच्या आग्रहावरून तो अडीच फुटांचा करण्यात आला. संस्थानी काळातील छोट्या गाड्यांतून ज्यांनी बालपणी प्रवास केला आहे, त्यांना कालक्याच्या फलाटावर आपले जुने दिवस उभे असल्यासारखे वाटतील.

शिमल्यास पोहोचल्यावर करावयाचे मुख्य काम म्हणजे चालणे. मॉल आणि रिज या मधल्या भागात मोटारींना सर्वसाधारण मज्जाव आहे, आणि खालच्या कार्ट रोडवरून मॉलपर्यंत जाण्यासाठी विजेचा पाळणा आहे. म्हणून ज्यांना चढ सोसत नाही तेही वर जाऊन सपाटीवर निवांत फिरू शकतात. ज्या रिजवर संध्याकाळी सारे गाव जमते, त्या मैदानाच्या पोटात शहराला पाणी पुरविणारी जुनी टाकी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपण पाण्याच्या छपरावर उभे असतो. एका टोकाला १८५७ साली प्रतिष्ठापना झालेले ख्रिस्तमंदिर, वर जाखू टेकडीवर मारुतीचे देऊळ आणि त्याची १०८ फूट उंच मूर्ती. जाखूवर जाण्यास आता रज्जुमार्गही आहे. मात्र तेथील मारुतीच्या सेनेपासून चष्मा सांभाळावा. हातातील खाऊपेक्षा डोळ्यांवरील चष्म्यावर त्यांचे अधिक प्रेम असते.

चालण्याचे येथे थोडे शास्त्र आहे. नुकतेच पडलेले हिम फारसे निसरडे नसते. दुपारी ते उन्हाने वितळते, रात्री त्याच पाण्याचा कठीण, पारदर्शक थर रस्त्यावर धरतो, आणि सकाळी तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून वृद्धांनी ऊन रस्त्यावर उतरेपर्यंत, म्हणजे दहाच्या सुमारापर्यंत, घाई करू नये. आणि सूर्य लवकर मावळतो, हे ओळखून परतावे. पावले आखूड टाकावी, पाय सबंध टेकवावा, हात खिशांत घालू नयेत. जोड्यांवरून जुने लोकरी मोजे चढविण्याची पहाडी युक्ती दिसण्यात विनोदी, परंतु गुणाची आहे. एकच जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर घालावे. चढताना एक उतरविता येतो आणि सावलीत पुन्हा घालता येतो.

अशा तयारीने एक संपूर्ण दिवस त्या जुन्या व्हॉइसरॉय-निवासासाठी राखून ठेवावा. हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून ही करड्या दगडाची इमारत १८८८ साली पुरी झाली. १९४५ साली जून-जुलैत येथेच लॉर्ड वेव्हेल यांनी बोलाविलेली परिषद भरली आणि फसली. देशाच्या फाळणीचा रस्ता ज्या दालनांतून गेला त्यांपैकी काही दालने येथे पाहावयास मिळतात. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने ही वास्तू विद्येच्या कामी लागली. १९६५ सालापासून तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. जेथे साम्राज्याचा दरबार भरे तेथे आता संशोधक पुस्तके वाचीत बसतात. त्याच बाजूला समरहिल येथे राजकुमारी अमृत कौर यांचे घर आहे. महात्माजी शिमल्यास आले म्हणजे तेथे उतरत.

येथे एक विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. १८६४ पासून शिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळ्याची राजधानी झाली. थंडी पडू लागली की साहेब, फायली, मेजवान्या आणि नाटके, सारे खाली कलकत्त्यास आणि पुढे दिल्लीस जाई. मागे उरत ते दुकानदार, हमाल, सुतार, शिंपी आणि घरे राखणारे चौकीदार. म्हणजे हिवाळ्यातील शिमला हे त्या काळीदेखील साहेबांचे नव्हते. ते तेथल्या माणसांचे होते. हिवाळ्यात जाणारा प्रवासी त्या गावाच्या खऱ्या घरात पाऊल टाकीत असतो. लक्कड बाजारात लाकडी काठ्या आणि खेळणी मांडून बसलेल्या दुकानदाराला मे महिन्यात मान वर करण्यास सवड नसते. जानेवारीत तो तुम्हांला शेगडीजवळ बसवून घेतो.

या लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला एक असे ठिकाण आहे, की जेथे स्की न येणाऱ्यालाही बर्फावर पाय ठेवता येतो. १९२० साली येथे उघड्या आकाशाखाली स्केटिंगची रिंगण-भूमी सुरू झाली. तिची रीत मोठी साधी आणि नवलाची आहे. संध्याकाळनंतर सपाट जमिनीवर पाणी शिंपडावयाचे. आकाश निरभ्र असेल तर रात्रभर जमिनीची उष्णता वर निघून जाते, आणि पाण्याचा थर गोठतो. त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा थर. यंत्राची मदत न घेता केवळ थंडी, सावली आणि स्वच्छ आकाश यांच्या बळावर शंभर वर्षे हा खेळ तेथे चालत आला. गंमत अशी, की जे ढग हिम आणतात तेच येथे शत्रू ठरतात. ढगांनी आभाळ पांघरले की जमीन निवत नाही आणि बर्फ धरत नाही. म्हणून ज्या दिवशी हिमासाठी आलेला प्रवासी निरभ्र आकाश पाहून खट्टू होतो, त्या दिवशी स्केट बांधलेली शाळकरी मुले आनंदाने रिंगणाकडे धावत असतात. चाकांऐवजी पाते लावलेले जोडे तेथे भाड्याने मिळत आले आहेत. धीर नसेल तर कठड्याशी उभे राहून पाहण्यातही एक तास सहज जातो. परंतु गेल्या काही दशकांत उष्ण रात्री वाढल्या, आणि स्केटिंगचे दिवस वर्षानुवर्षे घटत गेले. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

शिमल्याहून सुमारे १६ किलोमीटरांवर कुफरी आहे. बहुतेक प्रवासी येथे येतात, घोड्यावर बसतात, भाड्याचा लांब कोट आणि रबरी जोडे घालून छायाचित्र काढतात आणि दोन तासांत परततात. घोड्यांच्या अतोनात येरझाऱ्यांनी तेथील देवदारांची मुळे उघडी पडली आहेत. राष्ट्रीय हरित लवादानेही २०२३ साली या प्रश्नाची दखल घेतली. पायी चालता येत असेल तर पायीच चालावे, एवढेच मी म्हणेन. परंतु कुफरी या नावाशी आपले नाते घोड्यांहून जुने आहे. आपल्याकडे बटाट्याचे बियाणे घेणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला ‘कुफरी ज्योती’, ‘कुफरी चंद्रमुखी’ ही नावे विचारा. मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास निघाली आणि १९५६ साली शिमल्यास आली. बटाट्याच्या झाडाला मैदानी मुलखात सहसा फूल येत नाही. कुफरीच्या उंचीवर, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत, त्याला फूल येते, बी धरते, आणि दोन जातींचा संकर करता येतो. म्हणून तेथे सिद्ध झालेल्या जातींच्या नावामागे ‘कुफरी’ लागले. इंदूरच्या बाजारातील बटाट्याच्या पोत्यावर या हिमगावाचे नाव असते, आणि ते तेथे कसे आले हे नातवाला सांगण्यास कुफरीहून चांगली जागा नाही.

आणखी पुढे, हिंदुस्थान-तिबेट रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरांवर नारकंडा लागते, आणि त्यापलीकडे कोटगढ-ठाणेधार ही सफरचंदांची भूमी. हिवाळ्यात तेथे जाऊन काय पाहावे, झाडाला तर पानही नसते, असे कोणी म्हणेल. परंतु बागेचे खरे काम याच दिवसांत चालते. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी या देशात आला आणि कोटगढ येथे स्थायिक झाला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून ‘डेलिशस’ जातीची कलमे आणविली व स्वतःच्या बागेत लावून शेजाऱ्यांनाही दिली. पहाडी लोकांवर लादलेल्या बेगारीविरुद्ध तो उभा राहिला, असहकाराच्या चळवळीत त्याने १९२१ साली तुरुंगवास पत्करला, १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून तो सत्यानंद स्टोक्स झाला, आणि १९४६ साली निवर्तला. आज हिमाचलाच्या अर्थकारणाचा जो एक मोठा आधार आहे, त्याच्या मुळाशी या माणसाची कलमे आहेत.

तेथल्या एका बागेत जानेवारीत मी थांबलो होतो. मालक शिडीवर उभे राहून फांद्या छाटीत होते. खाली झाडांच्या बुंध्यांभोवती आळी खणली होती. त्यांना तिकडे ‘तौलिये’ म्हणतात. मी सहज म्हटले, ‘यंदा हिम कमी पडले, प्रवासी नाराज होऊन परततात.’ ते शिडीवरूनच म्हणाले, ‘बाबूजी, प्रवासी दुसऱ्या वर्षी पुन्हा येतील. झाडाला मात्र याच वर्षी झोप हवी.’ त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की सफरचंदाच्या झाडाला फुलण्यापूर्वी गाढ विश्रांती लागते. जुन्या जातींना सात अंशांखालील थंडीचे हजाराहून अधिक तास मिळाले तरच वसंतात कळी नीट उमलते. शिवाय साचलेले हिम हळूहळू मुरते आणि उन्हाळ्यापर्यंत मुळांना ओल पुरविते. म्हणून तेथील शेतकरी त्याला पांढरे खत समजतात. आपण ज्याला करमणूक म्हणून पाहावयास जातो, ते तेथे पुढल्या वर्षाचे धान्य, पाणी आणि मुलांच्या शाळेची फी असते. हिवाळे उबदार होऊ लागल्यापासून खालच्या बागा थकत चालल्या आहेत आणि सफरचंद किन्नौर-लाहौलच्या अधिकाधिक उंचीकडे सरकत आहे. रिंगणातील स्केटिंगचे दिवस आणि बागेतील झोपेचे तास हे एकाच कारणाने घटत आहेत.

ज्यांच्यापाशी आणखी आठवडा आहे त्यांनी कुलूच्या खोऱ्यात उतरावे. नग्गर येथील जुना राजवाडा काठकुणी पद्धतीने बांधलेला आहे. एक थर लाकडाचा, एक दगडाचा, मध्ये चुना नाही. १९०५ सालच्या कांगड्याच्या भीषण भूकंपातही तो उभा राहिला. जवळच रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचे घर आहे. ते येथे १९२८ साली राहावयास आले आणि १९४७ साली येथेच वारले. त्यांनी हिमालयाची अगणित चित्रे काढली. त्यांतील निळ्या-जांभळ्या रंगांना आपण मैदानातील माणसे कल्पनेचा खेळ समजतो. हिवाळ्याच्या संध्याकाळी त्या घराच्या अंगणात अर्धा तास उभे राहिले म्हणजे कळते, की ते रंग समोर आहेत. ‘बॉम्बे टॉकीज’च्या देविकाराणी या त्यांच्या धाकट्या पुत्राच्या पत्नी, मालाडच्या स्टुडिओतील कीर्ती सोडून त्या या कुटुंबात आल्या.

शेते हिमाखाली गेली की कुलूतील घरोघर हातमाग चालू लागतात. शाली आणि पट्टू यांच्या काठांवरील चौकटींचे रंगीत नक्षीकाम विणणाऱ्याच्या हातून कसे उतरते, हे पाहण्याची हीच वेळ. बाजारात यंत्रावरील नक्कल पुष्कळ मिळते. मागाजवळ बसून घेतलेली एक शाल दहा स्वस्त शालींहून बरी, आणि पैसा योग्य हाती पडतो. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी वसिष्ठ आणि मणिकर्ण येथील उन्हाळी आहेत. वसिष्ठ येथे स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी निराळी कुंडे आहेत. मणिकर्ण येथे पार्वती नदीकाठचे पाणी इतके कढत असते, की फडक्यात बांधलेले तांदूळ त्यात शिजतात. बाहेर बर्फासारखी नदी आणि काठावर उकळते कुंड, हा देखावा बसूनच पाहावयाचा आहे. आणि थंडीत ‘सिड्डू’ खाल्ल्याशिवाय परतू नये. आंबविलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखस भरून वाफविलेला हा पदार्थ तुपाबरोबर गरम गरम वाढतात. आपल्या मोदकाचा हा दूरचा डोंगरी भाऊ शोभेल.

श्रोतेहो, आनंदाबरोबर काही गोष्टी कठोरपणे सांगितल्या पाहिजेत. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. धुराडे असलेली ‘बुखारी’ बरी, परंतु तीही निजण्यापूर्वी विझवावी आणि खिडकीला फट ठेवावी. मोटार हिमात अडकली तर इंजिन चालू ठेवून काचा लावून बसणे तितकेच घातक, कारण धुराची नळी हिमाने बुजते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे एका रात्रीत हिमात अडकलेल्या मोटारींमधील वीसहून अधिक माणसे दगावली. ती सारी आपल्यासारखीच हौसेने हिम पाहावयास निघाली होती. पोलिसांनी रस्ता बंद केला की वाद घालू नये. रोजची औषधे दोन दिवस अधिक पुरतील इतकी बरोबर घ्यावी. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी वैद्याला विचारून निघावे. आणि कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे रस्ता बंद झाला तरी मन बंद होत नाही.

मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या काही गावांत एक जुनी प्रथा आहे. मकरसंक्रांतीनंतर तेथील देव स्वर्गात जातात, अशी श्रद्धा आहे. देवळाचे दार बंद होते आणि पुढे ४२ दिवस गावात मोठा आवाज करावयाचा नाही. शेतात कुदळ मारावयाची नाही, वाद्य वाजवावयाचे नाही, घरातील दूरदर्शनसंचही बंद. देव परतले, दार उघडले, की गाव पुन्हा बोलू लागते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु पीक, झाड, जमीन आणि माणूस या सर्वांनी मिळून काही दिवस स्वस्थ राहावे, हे शहाणपण त्या प्रथेत आहे यात मला शंका नाही. त्या गावांशेजारून ढोलताशांच्या यंत्रांचा गजर करीत जाणाऱ्या आमच्या मोटारी पाहिल्या म्हणजे वाटते, की हिवाळ्यात डोंगरावर काय करावे हा प्रश्न आपण विचारतो, तो डोंगरावरील माणसांना कधी पडलाच नाही. ते छाटणी करतात, विणतात, शेगडीभोवती गोष्टी सांगतात, आणि वाट पाहतात.

तेव्हा पुढील पौषात तुमच्या घरी हिमालयाचा बेत ठरला आणि आजी म्हणाल्या, ‘मी तिथे येऊन करू काय?’, तर त्यांना अवश्य बरोबर घ्या. गाडीच्या खिडकीतून पूल मोजणे, रिजवरील उन्हात बसणे, मागावरील हात पाहणे आणि मणिकर्णच्या काठावर भात शिजण्याची वाट पाहणे, यांतले एकही काम त्यांना जड नाही. हिम पडले तर खिडकीतून तेही दिसेल. न पडले, तर निदान बागेतील झाडांसाठी ते उशिरा तरी पडो, एवढी इच्छा मनाशी धरून परत यावे.